पाठमोरा

मिस्त्रीचा हात आपोआप पुढे गेला. लॅपटॉपमधून टिकटिक सुरू झाली मात्र, त्याचा उजवा तळहात उताणा होऊन टेबलाच्या कडेशी जाऊन थांबला, समोरच्याच्या हातातली कपबशी खालून सावरावी तसा. सावरायला तिथे काही नव्हतं. टेबलापलीकडे धाकटी बसली होती, तिच्या हातात पेन होतं आणि तिचं लक्ष पडद्याकडे होतं. टिकटिक चालूच होती. घड्याळापेक्षा बरीच घाईची, पण घड्याळासारखी एकसुरी नव्हे. मध्येच किंचित रेंगाळणारी, पुन्हा स्वतःला सावरून घेणारी. मिस्त्रीने हात मागे ओढून मांडीवर ठेवला. मग दुसरा हात त्याच्यावर दाबून धरला, हा पुन्हा पळून जाईल अशी भीती वाटल्यासारखा. टिकटिक थांबली. "सेकंदाला पाच पूर्णांक दोन," धाकटी म्हणाली. "काका, तुमच्या स्टँडमध्ये असं काय होतं, सेकंदाला पाच वेळा हलणारं?"

दुर्बिणीचा तो स्टँड त्याने बनवलेला, म्हणून प्रश्नही त्यालाच. वेधशाळेच्या वर्कशॉपमध्ये त्याचे केस पिकले होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी एखादी दुर्बीण अडून बसली की त्याला फोन यायचाच, आणि तोही नाही-नाही म्हणत दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन हजर व्हायचा. लहानथोर सगळे त्याला मिस्त्री म्हणत. बायकोही मिस्त्रीच म्हणायची. ती त्याच वेधशाळेत सूर्याचा अभ्यास करायची, सगळ्यांची 'बाई' होती, म्हणून मग त्याचीही बाईच झाली. शास्त्रज्ञ बाईने वर्कशॉपमधल्या माणसाशी लग्न केलं तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली होती. पुढे ती बोटं आपापल्या सवडीने बाहेर आली. बाईला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. धाकटी ही तिची शेवटची विद्यार्थिनी, 'माझी धाकटी' हे नाव तिनेच ठेवलेलं. आता धाकटीच विभागप्रमुख होती आणि बाईच्याच खोलीत, बाईच्याच टेबलाशी बसत होती. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर बाईच्या कपाची गोल खूण अजून होती. मिस्त्रीने एकदा ती पॉलिश पेपरने काढून देऊ का, असं विचारलं होतं, आणि धाकटी म्हणाली होती, "हात लावून तर बघा."

ही टिकटिक म्हणजे बाईची लहर होती. वेधशाळेत तिला सगळे असंच म्हणत, आणि दूरदूरच्या वेधशाळांतली माणसंही आपापल्या भाषेत तसंच काहीतरी म्हणत असावीत. खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला पुरता झाकतो तेव्हा भोवती पांढरं तेज पसरलेलं दिसतं, तो सूर्याचा किरीट. एरवी तो दिसतच नाही, सूर्य दिसू देत नाही. गंमत अशी की सूर्याच्या पृष्ठापेक्षा हा बाहेरचा किरीट शेकडो पटींनी जास्त तापलेला असतो. लग्न नवं होतं तेव्हा बाईने हे मिस्त्रीला स्वयंपाकघरात समजावून सांगितलं होतं. "ही शेगडी. तू शेगडीपासून दाराकडे निघालास आणि दारात जाऊन भाजलास, तर काय म्हणशील?" तो म्हणाला होता, "म्हणेन की दारात बाई उभी आहे." ती हसली होती, पण कोडं तिने सोडलं नव्हतं. तिच्या मते ती उष्णता लहरी वाहून नेत होत्या, आणि लहरी असतील तर किरीटाचा प्रकाश ठरावीक तालात अगदी बारीकसा कमीजास्त व्हायला हवा होता. तो ताल पकडायचा, एवढं एकच काम तिने आयुष्यभर केलं. काम धड रोज करताही येत नव्हतं. दोन-तीन वर्षांतून एकदा कुठल्या तरी माळावर तीन-चार मिनिटांसाठी सूर्य झाकला जायचा, तेव्हा सगळा पसारा घेऊन तिथे पोचायचं, आणि ढग आले तर पसारा घेऊन परत यायचं. सहा ग्रहणं झाली. दोन ढगांनी खाल्ली, तीन रिकाम्या हाताने गेली. सहाव्या ग्रहणात, एकोणीस वर्षांपूर्वी, ताल सापडला. सेकंदाला पाच पूर्णांक दोन. बाईच्या नावावर आयुष्यात जे काही होतं ते एवढंच.

"गेल्या महिन्यातल्या ग्रहणात आम्हाला काहीच मिळालं नाही, हे तुम्हाला सांगितलं होतं ना," धाकटी म्हणाली. "बाईंच्या यंत्रापेक्षा आमचं दसपट बारीक बघतं. तीन मिनिटं स्वच्छ आकाश. लहर नाही. म्हणून मी जुन्या फिती काढल्या. त्या लहरीच्या प्रत्येक चढाला एक टिक, असं करून ऐकलं. डोळ्यांच्या आधी कानांना कळतं, असं बाईच म्हणायच्या." ती थोडा वेळ पेनशी खेळत राहिली. "काका, ही लहर संबंध ग्रहणभर नाहीये. एकशे चौदाव्या सेकंदाला एकदम सुरू होते, एकशे सत्तावन्नला एकदम थांबते. बटण दाबावं तशी. सूर्य असं वागत नाही."

"पण पडताळा घेतला होता की," मिस्त्री म्हणाला. त्याला तेवढं ठाऊक होतं. दुर्बिणीत प्रकाश मोजणारे दोन डोळे होते. एक किरीटावर रोखलेला, दुसरा मुद्दाम चंद्राच्या काळ्या तबकडीवर. यंत्रात काही खोट असली तर दोन्ही डोळ्यांत दिसेल, आणि सूर्यातलंच काही असेल तर एकात. लहर एकाच डोळ्यात होती. चंद्रावरचा डोळा अगदी शांत होता. बाईने कागदावर त्या दोन रेघा त्याला दाखवल्या होत्या, एक थरथरती आणि एक सरळ, आणि तो दिवसभर वर्कशॉपमध्ये शीळ घालत फिरला होता.

"तिथेच चुकलं," धाकटी हळूच म्हणाली. "चंद्राची तबकडी सगळीकडे सारखीच काळी. दुर्बीण हलली तरी तो डोळा काळ्यावरून काळ्यावरच जाणार. त्याला काय कळणार? किरीटाचं तसं नाही, तिथे केसभर सरकलं तरी उजेड बदलतो. इतकी वर्षं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. बाईंच्या नाही, माझ्या नाही. म्हणजे दुर्बीण हलत होती, काका. त्रेचाळीस सेकंद. कशाने, एवढंच मला कळत नाहीये. शोधनिबंध मागे घ्यावाच लागेल, त्याला इलाज नाही. पण कारण नीट लिहिता आलं तर निदान कुणी वेडंवाकडं बोलणार नाही. नाहीतर आहेतच टपलेले, म्हणतील आकडे बनवले."

मिस्त्रीने खिडकीकडे पाहिलं. सेकंदाला पाच वेळा हलणारं काय होतं, हे त्याच्या हाताला त्याच्याआधी कळलं होतं. ती टिकटिक त्याने चौदा वर्षं ऐकली होती. सकाळच्या चहाला, दुपारच्या चहाला, पाहुणे आले की जरा जास्त. बशीत थरथरणाऱ्या कपाची. बाईचा डावा हात. आधी फक्त अंगठा, मग बोटं, मग मनगट. कंपवात असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाई म्हणाली होती, "अगदी वैज्ञानिक रोग आहे. मोजता येतो." कप खणखणायला लागला की मिस्त्री काही न बोलता बशीखाली हात धरायचा, आणि ती काही न बोलता धरू द्यायची. कधी जोरात, कधी दमून हलका, तरी ताल तोच. त्या तालाबद्दल त्याची खात्री इतकी होती की धाकटीने आकडा सांगितला नसता तरी चाललं असतं. आणि हा हात, एकोणीस वर्षांपूर्वी, दुर्बिणीवर होता. रोग कळायच्या तीन वर्षं आधी.

"पंखा होता," तो म्हणाला.

"पंखा?"

"लहानसा. दुर्बिणीला जोडलेल्या यंत्राच्या डब्यात. डबा तापत होता म्हणून मीच बसवला होता आदल्या दिवशी. बाईला सांगितलं नव्हतं, उगाच डोक्याला ताप नको म्हणून." खोटं बोलायला लागल्यावर ते किती सोपं असतं याचं त्याला आश्चर्य वाटलं. "पाती जरा वाकडी होती. मधूनच चालू व्हायचा, मधूनच बंद पडायचा. माझीच चूक."

धाकटीचा चेहरा उजळला आणि लगेच ओशाळला. बाईवर काही येत नाही याचं सुख तिला लपवता येईना, आणि ते मिस्त्रीच्या जिवावर येतंय हेही कळत होतं. "काका, मी तसं लिहू? तुमचं नाव नको घालायला. 'यंत्राच्या डब्यातला पंखा' एवढंच." तो म्हणाला, लिही की, माझं काय जातंय. आणि उठला. जिन्यावरून उतरताना त्याने कठडा धरला. त्याला तशी गरज नव्हती.

जात काहीच नव्हतं असं नाही. रस्त्याला लागल्यावर, औषधांच्या दुकानावरून, चाव्या करून देणाऱ्याच्या टपरीवरून पुढे जाताना त्याच्या मनात स्टँड उभा राहिला. तीन पाय, आतून बारीक वाळूने ठासून भरलेले, म्हणजे वाऱ्याची थरथर वाळूतच मरावी. बाजूने ट्रक गेला तरी वरची दुर्बीण हलायची नाही. एका ग्रहणाच्या आदल्या दिवशी बाईने त्याच्यावर पाण्याचा भरलेला पेला ठेवून शेजारी उड्या मारल्या होत्या, आणि पाणी हललं नाही तेव्हा म्हणाली होती, "मिस्त्री, तुझ्यापेक्षा तुझा स्टँड स्थिरबुद्धीचा आहे." त्या स्टँडवर आता वाकड्या पात्याचा पंखा बसला होता, कायमचा, छापील. बसू दे. ती असती तर तिनेही त्याच्यासाठी एवढं केलंच असतं. पण वाळू पायांत होती. दुर्बीण ज्या पट्टीवर बसायची ती पट्टी वाळूच्या वर होती, आणि त्या पट्टीला त्याने स्वतःच्या हाताने एक कडी जोडली होती. दुर्बीण रोखताना बाईला मान वर करून उभं राहावं लागे आणि तिला भोवळ यायची. "काहीतरी धरायला दे रे," ती म्हणाली होती. म्हणून कडी. तिच्या खांद्याच्या उंचीला, डाव्या बाजूला, कडा घासून गुळगुळीत केलेली. ग्रहण सुरू होण्याआधी धरायची, सुरू झाल्यावर नाही. तसा नियमच होता. ग्रहणाच्या दिवशी सकाळी मिस्त्री स्टँडभोवती खडूच्या भुकटीने मोठं वर्तुळ काढायचा, आणि सूर्य पुरता झाकला गेला की त्या रेघेच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. नियम बाईचा, रेघ त्याची. बाई रेघेबाहेर चार पावलांवर आकड्यांच्या डब्याशी बसायची.

बसथांब्यावर तो उभा राहिला. दोन बसेस आल्या आणि गेल्या. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने त्याला विचारलं, "तुम्हाला कुठली हवी?" तो म्हणाला, "येईल."

त्या सहाव्या ग्रहणाचा एक किस्सा होता. किस्सा मिस्त्रीचा ठेवणीतला होता, वेधशाळेत कुणी नवं आलं की तो एकदा तरी सांगून व्हायचाच. ग्रहणात एक माणूस सेकंद मोजतो. घड्याळ हातात धरून मोठ्याने एक, दोन, तीन म्हणत राहतो, म्हणजे बाकीच्यांना घड्याळाकडे बघावं लागत नाही. पहिल्या ग्रहणात हे काम एका तरुण सहायकाकडे होतं. सूर्य झाकला गेला, किरीट फुलला आणि तो नऊपर्यंत मोजून आ वासून उभा राहिला, पुढचा आकडा म्हणून येईना. त्या गोंधळात दोन फिल्म वाया गेल्या. तेव्हापासून बाईचा दुसरा नियम झाला. मोजणाऱ्याने सूर्याकडे पाठ करून बसायचं. आणि ज्याला भुरळ पडणार नाही असा माणूस हवा. "असा एकच आहे," ती भर बैठकीत म्हणाली होती, "माझा नवरा. माझीसुद्धा पडली नाही त्याला." तर तेव्हापासून मोजणारा मिस्त्री. पाच ग्रहणं तो पाठमोरा बसला. त्याला दिसायचं ते एवढंच, की समोरचा माळ संध्याकाळसारखा होतो, क्षितिज चहूकडून तांबूस होतं, आणि हातातल्या घड्याळावर लहानसा लाल दिवा. सहाव्या ग्रहणात एकशे बारा म्हणाला आणि मागून हाक आली. "मिस्त्री, वळ ना. एकदाच." बायकोची हाक. तर याने काय करावं? हा म्हणाला, "एकशे तेरा!" इथे ऐकणारे हमखास हसायचे. बाईच्या निरोप समारंभात त्याने हा किस्सा माइकवर सांगितला होता, आणि सभागृहात टाळ्या पडल्या होत्या. पहिल्या रांगेत बाई हसत होती. डावा हात तिने पदराखाली घेतला होता.

ग्रहण संपल्यावर त्याने तिला विचारलं होतं, काय हवं होतं. ती म्हणाली, "काही नाही रे. वायर सुटली असं वाटलं." मग त्याने विचारलं, तू तरी बघितलंस का आज? "मी कुठली बघते? आकड्यांतून डोकं वर काढायला मिळेल तर ना." एवढंच. दोघंही त्यातले, ग्रहणाला जाऊन ग्रहण न बघणारे. लग्नाला जाऊन पंगतीतच वाढत राहणाऱ्या माणसांसारखे, असं ती म्हणायची. त्याला ते आवडायचं. आपण दोघांनी मिळून काहीतरी बघितलेलं नाही, याचं त्याला अप्रूप होतं. सामान आवरताना त्याला खडूची रेघ एका जागी पुसलेली दिसली होती. टाचेने. त्याने ट्रकच्या ड्रायव्हरला धरलं. नको नको ते बोलला. ड्रायव्हर शपथा घेत होता की मी ट्रकमधून उतरलोच नाही, आणि बाई मध्ये पडून म्हणत होती, "जाऊ दे ना, एवढं काय त्यात." परत निघताना तिने आपला चांगला फ्लास्क त्या ड्रायव्हरला देऊन टाकला. मिस्त्री वाटभर कुरकुरत होता, की फ्लास्क कशाबद्दल.

तिसरी बस आली, तो चढला, बसला, आपला थांबा आल्यावर उतरला. कुलूप काढलं. घरात सकाळचा पेपर खुर्चीवर तसाच होता. त्याला सगळं नीट दिसत होतं, आणि ते थांबवता येत नव्हतं. एकशे बारा. ती डब्यापासून उठून रेघेशी आली आहे. पंचेचाळीस वर्षांची बाई, सहा ग्रहणं, आणि आज कसं कोण जाणे, तिने मान वर केली आहे. जे दिसलं ते एकटीने बघवेना, म्हणून तिने त्याला हाक मारली. वळ ना. एकदाच. मोजणी चुकली असती तर चुकली असती, तिची मोजणी होती, तीच म्हणत होती. आणि तो तिच्याकडे पाठ करून, छाती फुगवून, एकशे तेरा म्हणाला. तिला भोवळ आली असणार. मान वर केली की तिला यायचीच. काहीतरी धरायला हवं होतं. तो वळला असता, उठून दोन पावलं आला असता, तर तिने त्याचा खांदा धरला असता. खांदा आला नाही. मग रेघ ओलांडून तिने कडी धरली. एकशे चौदा. त्यानेच बसवलेली, तिच्याच उंचीची. एकशे सत्तावन्नपर्यंत ती तिथे उभी राहून बघत होती, तिला न कळत तिचा हात दुर्बिणीला सांगत होता की मी थरथरतो आहे, आणि सहा पावलांवर तिचा नवरा खणखणीत आवाजात आकडे म्हणत होता. नंतर तिने विषयच संपवला. बघितलंच नाही म्हणाली. त्याला आयुष्यभर चुटपुट लागू नये म्हणून. त्याचा किस्सा तिने पन्नास वेळा ऐकला आणि पन्नास वेळा हसली.

"अगं, मग सांगायचंस तरी," मिस्त्री रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाला. स्वयंपाकघरातल्या नळाला थेंब लटकला होता. स्वतःच्या घरातला नळ दुरुस्त करायला त्याला दोन वर्षं जमलं नव्हतं.

तिला कळलं होतं का? हा प्रश्न आला आणि मग तो खुर्चीवर बसला, पेपरसकट. कारण एक दुपार होती. शेवटच्या वर्षातली. बाईचा आवाज तोवर इतका खोल गेला होता की तोंडाशी कान न्यावा लागे. तिने त्याला ते जुनं घड्याळ आणायला सांगितलं होतं, ग्रहणातलं. मग आपला डावा हात त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "मोज." त्याला वाटलं, चाललीये काहीतरी गंमत. त्याने मोजलं. पाच सेकंदांत सव्वीस. तिने पुन्हा मोजायला लावलं. सव्वीस. ती बराच वेळ छताकडे बघत पडली होती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं, ते त्याने पुसलं. त्या दिवसांत तिच्या डोळ्यांना असंही पाणी यायचं. मग म्हणाली, "धाकटीला बोलव. सांगायचंय." तो म्हणाला, बोलावू की, तू जरा बरी हो. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. धाकटीच्या नव्या यंत्राची तेव्हा धावपळ चालली होती, आणि डॉक्टरांनी बाईला दगदग नको म्हणून सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात बोलावतो, असं तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात तिला घास गिळता येईना, मग दवाखाना, मग नळ्या, आणि बोलणं संपलं. धाकटी आली होती दवाखान्यात. बाईने तिच्याकडे एकटक बघितलं, आणि डावा हात पांघरुणाबाहेर काढला, आणि मिस्त्रीने काय केलं, तर तिला थंडी वाजू नये म्हणून तो हात पुन्हा आत घातला.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडू आलं ते विचित्र आलं, आवाज न करता, खोकल्यासारखं पोटातून धक्के देत. प्रत्येक वेळी तिला काही सांगायचं होतं तेव्हा तो काहीतरी कर्तव्य करत होता. मोजत होता, नाहीतर पांघरूण घालत होता. आणि आज पुन्हा तेच. तिला जे सांगायचं होतं त्याच्यावर पंखा बसवून आला होता.

दुपारचे साडेतीन वाजत आले होते. कपाटाच्या खणात घड्याळ होतं, ते त्याने खिशात टाकलं. बसची वाट न बघता रिक्षा केली. वेधशाळेच्या जिन्यावर त्याला धाप लागली. धाकटी पडद्यासमोर बसून लिहीत होती. त्याला पाहून ती उठलीच. "काका, काय झालं? बसा आधी. पाणी घ्या."

"पंखा नव्हता," मिस्त्री म्हणाला. "खोडून टाक ते."

त्याने सांगितलं. नीट क्रमाने सांगायला जमलं नाही. आधी कपबशी सांगितली, मग कडी, मग ड्रायव्हर, मग ते पाच सेकंदांत सव्वीस. एकशे बाराची हाक सांगायची वेळ आली तेव्हा धाकटीला किस्सा पाठच होता, ती सवयीने ओठांच्या कोपऱ्यात हसायला गेली, आणि मध्येच थांबली. मग तिने तोंडावर हात ठेवला. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी लोखंडी कपाट सरकवत होतं.

"दवाखान्यात त्यांनी हात बाहेर काढला होता," धाकटी शेवटी म्हणाली. "मला वाटलं, हातात हात घे म्हणतायत. मी घेणार तेवढ्यात..."

"मी आत घातला," मिस्त्री म्हणाला.

तिने नाक ओढलं, चष्मा काढून कुर्त्याला पुसला, परत घातला. "पण काका, हे कसं लिहायचं? बाईंनी स्वतःच रेघ ओलांडली, असं लिहू? लोक काय म्हणतील? पंखाच राहू दे ना. तुम्हालाही चालत होतं मघाशी. त्यात कुणाचंच काही बिघडत नाही."

"तिला तुला सांगायचं होतं. दोनदा म्हणाली. तिला स्वतःलाच मागे घ्यायचं होतं ते." त्याने पडद्याकडे बोट केलं. "लिही. निरीक्षकाचा डावा हात एकशे चौदा ते एकशे सत्तावन्न सेकंद स्टँडच्या कडीवर होता. हाताला कंप होता, तो तेव्हा कुणाला माहीत नव्हता. आणि लिही, मोजणारा पाठमोरा होता. त्यामुळे त्याला दिसलं नाही."

"शेवटचं कशाला?"

"खरं आहे म्हणून."

धाकटीने लिहिलं. तिची बोटं थांबत थांबत चालत होती. लिहून झाल्यावर तिने ते त्याला वाचून दाखवलं, आणि त्याने एक दुरुस्ती सांगितली: स्टँडच्या नव्हे, स्टँडवरच्या पट्टीच्या कडीवर. स्टँड हलला नव्हता. धाकटीने मान हलवून दुरुस्ती केली. मग विचारलं, "पाठवू?" तो म्हणाला, "थांब जरा. आधी ते एकदा लाव. पहिल्यापासून नको, शंभरपासून."

तो टेबलाशी खुर्चीत बसला होता आणि त्याच्या पाठीमागे पश्चिमेची खिडकी होती. धाकटीने बटण दाबलं. सुरुवातीला नुसतीच खरखर होती, रिकाम्या फितीची. मिस्त्रीने खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, पण त्याच्याकडे बघायची त्याला गरज नव्हती. तो मोजू लागला. शंभर. एकशे एक. एकशे दोन. आवाज म्हातारा झाला होता तरी अंतर पूर्वीइतकंच बरोबर होतं. एकशे नऊ. एकशे दहा. एकशे अकरा. एकशे बारा.

इथे तो थांबला. खरखरीत कुणाचाच आवाज नव्हता, त्या फितीवर आवाज धरलेच नव्हते, फक्त उजेड होता. मिस्त्री खुर्चीतून उठला आणि वळला. खिडकीत दुपारचा साधा, डोळ्यांना न सोसणारा सूर्य होता, समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. टिकटिक सुरू झाली. त्याने डोळे बारीक करून वर पाहिलं, आणि उजवा हात, तळवा वर करून, बाजूला धरला. किंचित रेंगाळत, पुन्हा सावरत ती टिकटिक चालू राहिली. ती थांबली तेव्हा किती झाले होते, हे त्याला सांगता आलं नसतं.